मंजुरीच्या प्रतीक्षेत तीनशे एक्केचाळीस

३ जानेवारी २०२६, शनिवार

"जालना, परभणी, बीड, हिंगोलीच्या प्रेक्षकांनो, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून, पडद्याच्या पायाशी बसून, मान वर करून सिनेमा पाहिलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आपल्याला कुणी विचारत नाही. चांगला सिनेमा आपल्या गावात आलाच, तर शुक्रवारी सकाळी नऊच्या एका खेळाला येतो आणि सोमवारी उतरतो. त्याच्यावर लिहिणारे मुंबई-पुण्यात बसतात. सिनेमा चालला तर श्रेय त्यांच्या चवीचं, पडला तर दोष आपल्या अडाणीपणाचा. तिकीट आपण काढतो, टाळ्या आपण वाजवतो, पण बाहेर आल्यावर 'तुला काय दिसलं' एवढा साधा प्रश्न आपल्याला आजवर कुणी विचारलेला नाही."

सुरुवात ठीक उतरली आहे. सव्वीस तारखेला माझ्या 'पुढची रांग' या ब्लॉगला दहा वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी हा लेख टाकायचा. आधी ही तक्रार, मग माझ्या आवडीच्या पाच सिनेमा-ब्लॉगांचे आभार, शेवटी संकेतस्थळाच्या बातम्या. बातम्या बऱ्याच आहेत. ज्या कंपनीच्या जागेत ब्लॉग होता ती जागा महिनाअखेर बंद होतेय, म्हणून सगळं बिऱ्हाड नव्या पत्त्यावर न्यायचं आहे. ते काम माझी मुलगी भावना करणार. ती नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात संगणकावर असते, रविवारी मोकळी असते.

बायकोला, बेबीनंदाला, सुरुवात वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "चांगलंय. पण एवढा आवाज कशाला चढवला? मी हातभर अंतरावर बसलेय."

अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि तेवढीच वर्षं जयंतीच्या मांडवात बोललो. आवाजाची सवय सुटत नाही.

५ जानेवारी, सोमवार

पाच नावं काढायला बसलो आणि हिरमुसलो. नागपूरच्या एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई जुन्या सिनेमांवर फार नेटकं लिहायच्या. त्यांचा पत्ता उघडला तर चपलांची जाहिरात येते. लातूरच्या दोन भावांनी ब्लॉग सोडून कुणाच्या तरी प्रचाराचं काम धरलंय. उरले तीन.

'भोंगा' हा अंबडच्या कल्याणचा. तो लग्नाच्या मांडवात स्पीकर लावतो आणि सिनेमाच्या आवाजाशिवाय दुसऱ्या कशावर लिहीत नाही. एकदा त्याने लिहिलं होतं की नायक विहिरीत डोकावून हाक मारतो, पण आवाज घुमतो तो न्हाणीघरातला. तेव्हापासून मला सिनेमा ऐकू यायला लागला.

'तीन ओळी' हा जुन्या जालन्यातल्या धान्याच्या आडतीवर मुनीम असलेल्या कारभारींचा. शुक्रवारी सकाळचा खेळ पाहायचा आणि दुकानात बसल्याबसल्या तीन ओळी टाकायच्या, चौथी नाही. मला असं लिहिता आलं असतं तर मी वक्ता झालो नसतो.

आणि तिसरा, माझा सगळ्यात लाडका, 'काज-बटण'. लिहिणाऱ्या दैवशालाताई घनसावंगीत बायकांचे कपडे शिवतात. त्या सिनेमातले कपडे बघतात. एका सिनेमात नायिका कापूस वेचते, तर ताईंनी लिहिलं: कापूस वेचणारी बाई ओटी बांधते, आणि हिचा पदर वाऱ्यावर उडतोय, मग हिने वेचलेला कापूस ठेवला कुठं? मी आधी हसलो, मग लेख पुन्हा वाचला. सहा वर्षांत त्यांचा एकही लेख मी चुकवलेला नाही. काही दोनदा वाचले.

गेलं वर्षभर तिकडे जाणं झालं नव्हतं. आज उघडला तर वर सूचना आहे: "हा ब्लॉग ३१ जानेवारीला काढून टाकणार आहे. कुणाला काही उतरवून घ्यायचं असल्यास घ्यावं." त्याच्या खाली शेवटचा लेख, ९ फेब्रुवारी २०२५ चा, एका ओळीचा: "आजपासून मशीन बंद."

शिलाई मशीन बिघडलं असावं. किंवा लग्नसराईत वेळ होत नसेल. पण म्हणून एकशे अठ्ठावीस लेख काढून टाकायचे? नंबर होता, फोन केला. उचलला नाही. असं चांगलं काही मोडून पडताना पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या लोकांना कुणीतरी जपलं पाहिजे.

८ जानेवारी, गुरुवार

घनसावंगीहून बद्रीनाथचा फोन. तो तिथली व्याख्यानमाला चालवतो. यंदाही अध्यक्ष मीच व्हावं म्हणतो.

गेल्या वर्षीची आठवण निघाली. आठ फेब्रुवारी, शनिवार, समोर चारशे माणूस. 'सिनेमा आणि आपण' हा विषय. दैवशालाताईंना बोलवा असं मीच सुचवलं होतं. त्याआधी त्या कधी स्टेजवर चढल्या नव्हत्या. बऱ्या बोलल्या, पण वेळेचं भान नव्हतं, मला घंटी वाजवावी लागली. समारोपात मी म्हणालो, "ताईंनी बाह्या आणि गळे सांगितले. मित्रांनो, सिनेमा म्हणजे बाह्या आणि गळे नव्हेत, सिनेमा म्हणजे माणसाची लढाई." टाळ्या थांबेनात. बद्रीनाथ अजून ते वाक्य घोळवतो.

बेबीनंदा बाजूलाच होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्या बाई चार मिन्टं बोलल्या. दहा ठरली होती."

"आणि मी?"

"तुमचं मी मोजणं सोडलंय."

११ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

भावना सकाळपासून सामान हलवत होती. चारशे बारा लेख नव्या जागी गेले. मी तिला लेखातला पुढचा भाग ऐकवत होतो. त्यात वाचकांना दोन शब्द सुनावले होते: दहा वर्षांत चारशे बारा लेख, आणि खाली एकाचीही प्रतिक्रिया नाही. मराठवाड्याच्या मुक्या वाचकांनो, तुमच्या जिभेला झालंय तरी काय?

भावना म्हणाली, "पप्पा, थांबा जरा. हे काय आहे?"

पडद्यावर एक ओळ होती. मंजुरीच्या प्रतीक्षेत, ३४१.

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांनी लिहिलंय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते दिसत नाही. ही खूण कुणी केली?"

मीच केली होती. ब्लॉग सुरू केला तेव्हा स्टेशनजवळच्या कॅफेतल्या पोराने विचारलं होतं, सर, लोकांनी लिहिलेलं लगेच दिसू द्यायचं की तुम्ही बघून? मी त्याला सांगितलं होतं, सभेत अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणी बोलत नसतं. त्याने तशी खूण केली. कुणी लिहिलं की कळावं म्हणून पत्ता शाळेच्या मेलचा दिला होता. तो मेल शाळेत कुणी उघडत नसे, आणि निवृत्तीनंतर त्याचा पासवर्डही कुणाला ठाऊक नव्हता. मी आपला लेख टाकायचो, खाली पाहायचो, शून्य. आणि पुढच्या भाषणात लोकांना मुके म्हणायचो.

भावना हसणार असं वाटलं. ती हसली नाही. तिने खुर्ची सोडली आणि म्हणाली, "बसा. पहिल्यापासून वाचा."

१२ जानेवारी, सोमवार

एकशे चाळीस वाचल्या. जेवायला दोनदा हाक आली.

एका कंडक्टरने लिहिलंय: "सर, वडीगोद्रीजवळ गाडी फेल झालती. दुसरी गाडी येईपर्यंत तुमचा लेख वाचला, मंग मोठ्यानं वाचला. एका पॅसेंजरला पटला न्हाई. अर्धा तास भांडलो. मजा आली." ही २०१८ ची. त्या भांडणात मी असायला हवं होतं.

परतूरच्या एका नर्सने लिहिलंय की रात्रपाळीत सगळे झोपले की ती माझे जुने लेख काढून वाचते. आणि भोकरदनच्या संपत नावाच्या माणसाने २०१६ साली कळवलंय की ज्या पुलाला मी गोदावरीवरचा म्हटलं तो पूर्णेवरचा आहे, त्याचं घर तिथून दिसतं. तो पूल मी पुढे नऊ वर्षं भाषणांतून गोदावरीवरच ठेवला. त्याने दरवर्षी एकदा कळवलंय. नऊ वेळा. शेवटी फक्त "पूर्णा" एवढंच.

एकेकाला मंजुरी देत गेलो. मी स्वतःला ओसाड माळावर ओरडणारा माणूस समजत होतो. माळ माणसांनी भरलेला होता.

२०१७ मधली एक 'बे. सा.' अशा नावाने आहे: "लेख आवडला. पण हा सिनेमा आपण दोघांनी पाहिला होता, ते लिहायचं राहिलं." बेबीनंदाला विचारलं, ही तूच का? म्हणाली, "असंल." गंमत म्हणून लिहिली असावी.

१३ जानेवारी, मंगळवार

सगळ्या संपल्या.

दैवशालाताईंच्या सत्तावीस आहेत. पहिली २०१९ ची: "सर, तुमचा लेख वाचून वाटलं आपणबी लिहावं. ब्लॉग सुरू केलाय. नाव काज-बटण. येऊन बघा." मग दर दोन-तीन महिन्यांनी एक. कधी माझ्या लेखाला दुजोरा, कधी वाद. प्रत्येकीत कुठंतरी "सर, बघितला का?"

शेवटची ८ फेब्रुवारी २०२५ ची, संध्याकाळी सव्वासातची. व्याख्यान साडेपाचला संपलं होतं. ती जशीच्या तशी उतरवतो:

"सर, तुम्ही बोललात ते बराबर असंल. पण मला दहा मिन्टं दिल्ती आन् चौथ्या मिन्टाला घंटी वाजली. माझा शेवटचा मुद्दा राह्यला. तो असा, की पडद्यावर आपल्यासारखी बाई दिसती तवा तिच्या अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाच्यातरी मापाचे असतात. कारण आपलं माप घ्यायला कुणी आलंच न्हाई. एवढंच बोलायचं होतं. हे तुमच्या ब्लॉगवर दिसू द्या, म्हणजे जे लोक तिथं होते त्यांच्यापर्यंत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट पाहून त्यांनी "आजपासून मशीन बंद" लिहिलं असणार.

बेबीनंदाला सगळं वाचून दाखवलं. या वेळी आवाज चढला नाही. ती म्हणाली, "त्यांचं बोलणं तोडायला नको होतं. मी तवाच म्हणलं होतं." खरंच म्हणाली होती. गेल्या वर्षी, घनसावंगीहून परतीच्या गाडीत. मी टाळ्यांचं सांगत होतो.

१४ जानेवारी, बुधवार

नामविस्तार दिन. संभाजीनगरला भाषण. विद्यापीठाच्या एका नावासाठी सोळा वर्षं ताटकळलेली माणसं समोर बसली होती, पांढरे केस, पांढरे सदरे. 'ज्यांनी आपल्याला ताटकळत ठेवलं' या वाक्यापाशी आलो आणि ते अर्धंच सोडून दिलं. पाणी प्यालो. वीस मिनिटांत आटोपलं. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही.

१७ जानेवारी, शनिवार

'काज-बटण' पहिल्यापासून पुन्हा वाचून काढला. या वेळी लेखणी घेऊन.

नोव्हेंबरात अंबडला मी म्हणालो होतो, "धुणं धुणाऱ्या बाईच्या ब्लाऊजचा टाका कुठं उसवतो हे ज्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही, त्याला कष्ट ठाऊक नाहीत." माझं गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य. लोक ते स्टेटसला ठेवतात.

मार्च २०२१ चा ताईंचा लेख, नाव 'उजवी काख'. त्यात लिहिलंय: "ही बाई वीस वर्षं धुणं धुती म्हणतात. मग उजव्या काखेतला टाका शाबूत कसा? आमच्याकडं अशा बायांचा पहिला तोच टाका उसवतो. शिवणाऱ्याला ठाऊक असतं, सिनेमावाल्याला नसतं."

मी ते चोरलं, असं मला वाटत नाही. वाचलं, आवडलं, आणि कधीतरी ते माझ्या तोंडात माझ्या आवाजात आलं. पण चोरही बहुतेक असंच काहीतरी म्हणत असेल. एक मात्र नक्की. बाह्या आणि गळे म्हणून मी ज्याला हसलो, त्याच्यावरच मी टाळ्या घेत होतो.

उद्या घनसावंगीला जायचं.

१८ जानेवारी, रविवार

जाताना गाडीत माफीचं भाषण जुळवलं. तीन भाग होते, मधला जरा लांबला होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती, त्यामुळे वेळही भरपूर मिळाला.

दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. एक खोली, दोन मशीन, दोन्ही चालू. एकावर एक मुलगी, दुसऱ्यावर दैवशालाताई. मशीन बिघडलंय हा माझा अंदाज तिथंच संपला. दारात हौसाबाई नावाच्या बाई सुनेला घेऊन तिचे ब्लाऊज न्यायला आल्या होत्या.

ताईंनी मान वर केली. "सर, या. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय हालतो."

हौसाबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "ह्यांचं बी माप घ्यायचंय का?"

"न्हाई. ह्यांचं माप म्हाइतंय मला," ताई म्हणाल्या, आणि दोरा तोडला.

भाषणाचे तिन्ही भाग गेले. मी म्हणालो, "ताई, मी चुकलो. माफी मागायला आलोय."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "सर, तुम्ही चारशे माणसांत बोलल्तात. इथं हौसाबाई, तिची सून आन् आम्ही दोघी. एवढ्यात कसं बसंल ते?"

मग मी त्यांना मंजुरीचा प्रकार सांगितला. त्यांच्या सत्तावीस प्रतिक्रिया मी अडवून ठेवल्या नव्हत्या, मला त्या दिसल्याच नव्हत्या. त्यांना ते खरं वाटेना.

"दहा वर्षं डबा उघडलाच न्हाई?"

"नाही."

"आन् वरून लोकांला मुके म्हणून राह्यले?"

मी मान हलवली. आता मशीन थांबलं. ताई हसायला लागल्या. हौसाबाईंना काही कळलं नव्हतं, पण त्याही हसायला लागल्या. सूनही. मी उभाच होतो. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ताई म्हणाल्या, "मला वाटायचं सर रोज वाचत्यात, आन् मुद्दाम दाबून ठेवत्यात. सहा वर्षं तुमच्यावर डोकं फिरवून घेतलं मी, फुकट."

"ब्लॉग काढू नका, ताई."

"ठिवून काय करू? सहा वर्षांत माझ्याकडं सात जण बोलले. त्यातले दोघं टकलाचं तेल विकणारे."

"मी प्रत्येक लेख वाचलाय. काही दोनदा."

"कवा सांगितलं तुम्ही?"

दरवर्षी मी बेबीनंदाला सांगायचो, भावनाला सांगायचो, अंबडच्या कल्याणला सांगायचो, की ही बाई काय लिहिते. जिला सांगायचं तिला सोडून सगळ्यांना सांगितलं.

"भिंतीपुढं किती दिवस बोलावं, सर? मी काय तुमच्यासारखी न्हाई. मला समोरून कुणी हूं म्हणावं लागतं."

"मग मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवा. पर एकतीसला कुणी आलेलं न्हाई दिसलं तर मी काढणार. पोरीला सांगून ठिवलंय." त्यांनी मशीनवरच्या मुलीकडे बोट केलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "जाकीट काढा."

"का?"

"काढा तर."

त्यांनी दोन्ही खांद्यांखालची शिवण उसवली, आत दुमडलेल्या जादा कापडाची माया सोडून पुन्हा टाका मारला. दहा मिनिटांत परत दिलं. "हात वर करून बोलता तवा पाठीत ओढतंय. मागल्या वर्षी स्टेजवर तुमच्या शेजारी बसल्ते तवाच दिसलं. भाषण झालं की सांगावं म्हणलं, तर घंटी वाजली."

परतीच्या गाडीत वरचा दांडा धरून उभा होतो. जाकीट ओढलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

लेख चौथ्यांदा लिहिला. माफीचा परिच्छेद दीड पानांचा झाला होता. त्यात मी इतिहासातले तीन दाखले दिले होते. बेबीनंदाने वाचला आणि विचारलं, "ह्यात त्या बाई कुठं आहेत?"

शोधलं. तिसऱ्या पानावर सापडल्या.

"मग कसं लिहू?"

"जसं तिथं दुकानात बोललात तसं. चुकलो म्हणलात की संपलं."

दीड पान गेलं, दोन ओळी राहिल्या. ब्लॉगांच्या यादीत पाच नावं असलीच पाहिजेत हा हट्टही सोडला. तीन आहेत, तर तीन.

तिला म्हणालो, "तुझी ती २०१७ ची प्रतिक्रिया मंजूर केलीय बरं."

"नऊ वर्षांनी." ती उठली नाही. "चहा ठेवा तुम्ही आज."

ठेवला. साखर जास्त पडली. तिने कप संपवला. बहुतेक आवडला असावा.

२५ जानेवारी, रविवार

भावनाने नवीन जागा उघडून दाखवली. अक्षरं मोठी आहेत, मोबाइलवर नीट बसतात. ती मंजुरीची खूण तिने माझ्या हाताने काढायला लावली. उद्या सकाळी सातला लेख जाईल. बद्रीनाथला कळवलं की यंदा अध्यक्षपद नको, प्रेक्षकांत बसेन. तो रुसलाय. लेखाची शेवटची प्रत इथं उतरवून ठेवतो.

"जालना, परभणी, बीड, हिंगोलीच्या प्रेक्षकांनो, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून, मान वर करून सिनेमा पाहिलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, बाहेर आल्यावर 'तुला काय दिसलं' हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही. ही तक्रार मी दहा वर्षं मांडली. या महिन्यात मला कळलं की तुम्ही न विचारता तीनशे एक्केचाळीस वेळा उत्तर दिलं होतं, आणि ते माझ्याच दारात अडकून पडलं होतं. दार मी लावलं होतं. तुम्हाला मुके म्हटलं, ते शब्द मी परत घेतो. सगळ्यांची उत्तरं आता लेखांखाली दिसतील. तुम्ही लिहीत राहिलात, याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे. संपतभाऊ, तो पूल पूर्णेवरचाच आहे.

बातम्या थोड्या आहेत. पत्ता नवा आहे, तो जपून ठेवा. अक्षरं मोठी केली आहेत. जुने चारशे बाराही लेख सोबत आले आहेत. त्यातल्या २०१७ च्या एका लेखात एक ओळ वाढवली आहे, की तो सिनेमा मी आणि बेबीनंदाने मिळून पाहिला होता. यापुढे प्रतिक्रियेला कुणाची परवानगी लागणार नाही.

मला सिनेमा पाहायला तिघांनी शिकवलं. अंबडच्या कल्याणच्या 'भोंगा'ने माझे कान उघडले. जुन्या जालन्याच्या कारभारींच्या 'तीन ओळी'ने मला थांबायचं असतं हे दाखवलं, मी अजून शिकतोय. घनसावंगीच्या दैवशालाताईंच्या 'काज-बटण'ने मला माणूस पाहायला शिकवलं. धुणं धुणाऱ्या बाईच्या टाक्याचं जे वाक्य तुम्ही माझं म्हणून स्टेटसला ठेवता, ते त्यांचं आहे. मार्च २०२१ चा 'उजवी काख' हा त्यांचा लेख वाचा.

गेल्या वर्षी आठ फेब्रुवारीला घनसावंगीत चारशे लोकांसमोर मी त्यांचं बोलणं घंटी वाजवून तोडलं आणि नंतर त्यांच्यावर टाळ्या घेतल्या. मी चुकलो. त्यांचा राहिलेला मुद्दा हा होता: पडद्यावर आपल्यासारखी बाई दिसते तेव्हा तिच्या अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाच्यातरी मापाचे असतात, कारण आपलं माप घ्यायला कुणी आलंच नाही. मी तीस वर्षं बोलतोय. एवढं खरं मला एका वाक्यात सांगता आलेलं नाही.

कुणीच येत नाही, म्हणून 'काज-बटण' शनिवारी, एकतीस तारखेला कायमचा बंद होणार आहे. मी सहा वर्षं तो वाचला आणि त्यांना एकदाही कळवलं नाही. तुमच्यातल्याही अनेकांनी तेच केलं असेल. माझे आभार मानू नका, माझ्या लेखाखाली आज काही लिहू नका. 'काज-बटण' उघडा, 'उजवी काख' वाचा, आणि त्याच्याखाली तुमचं नाव, तुमचं गाव आणि तुम्हाला त्यात काय दिसलं याची एक ओळ लिहा. आत्ता, हे पान बंद करायच्या आधी."